वृंदसंचालक घडवणारे विद्यालय

पियानो शिकणाऱ्याला सरावासाठी पियानो लागतो आणि व्हायोलिन शिकणाऱ्याला व्हायोलिन. वृंदसंचालन शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र सरावासाठी किमान पंचवीस-तीस माणसे लागतात, आणि तीही सुरात गाणारी. हे 'वाद्य' खोलीत ठेवून कुलूप लावता येत नाही आणि बाजारातून विकतही आणता येत नाही. ते दरवर्षी नव्याने जमवावे लागते, जुळवावे लागते आणि शैक्षणिक वर्ष संपले की त्यातील काही भाग निघून जातो. संगीत महाविद्यालयातील वृंदसंचालन विभागाच्या प्रमुखासमोरचा पहिला व शेवटचा प्रश्न हाच असतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील वेस्टमिन्स्टर कॉयर कॉलेज या संस्थेचा शतकभराचा इतिहास या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी अतिशय उपयुक्त आहे.

आपल्याकडे समूहगान म्हटले की बहुधा सर्वांनी मिळून एकच चाल गाणे अभिप्रेत असते. पाश्चात्त्य वृंदगानाची घडण वेगळी आहे. सोप्रानो आणि आल्टो हे स्त्रियांचे, तर टेनर आणि बास हे पुरुषांचे असे किमान चार गट एकाच वेळी चार निरनिराळ्या चाली गातात व त्यातून स्वरमेळ उभा राहतो. हे चार प्रवाह एकत्र सांभाळणारा तो वृंदसंचालक. मैफलीत त्याच्या हातवाऱ्यांकडे लक्ष जाते, पण त्याचे बहुतांश काम त्याआधीच तालमीच्या खोलीत झालेले असते. कोणता स्वर खाली उतरतो आहे, कोणता उच्चार सर्वांचा सारखा नाही, कोणत्या ओळीत श्वास कमी पडतो, हे ऐकून थोड्या शब्दांत दुरुस्त करणे, हे खरे वृंदसंचालन.

डेटनच्या चर्चमधून सुरुवात

वेस्टमिन्स्टरचे संस्थापक जॉन फिनली विल्यमसन (१८८७-१९६४) हे मुळात गायक व चर्चमधील वृंदसंचालक. ओहायो राज्यातील डेटन शहराच्या वेस्टमिन्स्टर प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यांनी १९२० मध्ये गायकवृंद उभा केला. चर्चमधून हौशी गायक पुष्कळ असत, परंतु त्यांना शिकवू शकेल असा प्रशिक्षित संचालक क्वचितच मिळे. ही उणीव ओळखून विल्यमसन यांनी १९२६ मध्ये त्याच शहरात विद्यालय सुरू केले. गायकवृंदाच्या पोटातून विद्यालय जन्माला आले, ही गोष्ट पुढच्या साऱ्या घडामोडी समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

१९२९ मध्ये विद्यालय न्यू यॉर्क राज्यातील इथाका येथे गेले आणि १९३२ मध्ये न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे. १९३४ मध्ये तेथे स्वतःच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या निमित्ताने प्रिन्स्टन विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखाली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा व वेस्टमिन्स्टरचा वृंद यांनी बाखचा 'बी मायनर मास' सादर केला. १९२९ आणि १९३४ मध्ये या वृंदाने युरोपचे दौरे केले. १९३९ मध्ये संस्था 'वेस्टमिन्स्टर कॉयर कॉलेज' झाली. पुढे आर्तुरो तोस्कानिनी, ब्रूनो वॉल्टर यांसारख्या संगीतकारांनी मोठ्या सिंफनी-वृंदरचनांसाठी याच विद्यार्थ्यांना पाचारण केले. विल्यमसन १९५८ मध्ये निवृत्त झाले.

प्रत्येक विद्यार्थी गायक

विल्यमसन यांनी घातलेला मूळ नियम साधा होता. विद्यार्थी संचालन शिकण्यास आलेला असो वा ऑर्गन, त्याने वृंदात गायलेच पाहिजे. त्याच्या जोडीला प्रत्येकाला कंठसाधनेचे वैयक्तिक शिक्षण मिळे आणि विद्यार्थी आसपासच्या चर्चमधून वृंद सांभाळण्याचा प्रत्यक्ष अनुभव घेत. या एका नियमाने दोन गोष्टी साधल्या. महाविद्यालयाला सदैव मोठा वृंद उपलब्ध झाला आणि उद्याच्या संचालकाला गाणाऱ्याच्या जागी उभे राहण्याचा अनुभव मिळाला. लांब ओळीवर श्वास कुठे तुटतो, चुकीच्या इशाऱ्याने गळा कसा आवळतो, हे ज्याने स्वतः भोगले आहे तो पुढे दुसऱ्याच्या गळ्याशी जपून वागतो.

वृंदातील आवाज कसा असावा, याबद्दल त्या काळी अमेरिकेत मोठा मतभेद होता. मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात एफ. मेलियस ख्रिश्चनसन यांनी १९१२ पासून घडवलेल्या वृंदाचा आदर्श होता सरळ, कंपनरहित आणि एकमेकांत पूर्ण मिसळून जाणारा स्वर. कोणाचाही आवाज वेगळा ओळखू येता कामा नये, असा त्यांचा कटाक्ष होता. विल्यमसन यांची भूमिका उलट होती. प्रत्येक गायकाचा आवाज एकल गायकाप्रमाणे भरदार विकसित करावा आणि असे समृद्ध आवाज एकत्र आणावेत, असे ते मानीत. आजही वृंद विभागाच्या प्रमुखाला हा वाद चुकवता येत नाही. कंठसंगीताचे अध्यापक 'वृंदात गाऊन माझ्या विद्यार्थ्याचा आवाज दबतो' अशी तक्रार करतात, तर संचालकाला एकजीव नाद हवा असतो. दोघांचाही विद्यार्थी एकच असतो आणि त्याचा गळाही एकच. अशा वेळी कोणती रचना कधी घ्यावी, तालीम किती वेळ चालवावी, तरुण गळ्यांना उंच स्वरांचा ताण किती द्यावा, याचा निर्णय प्रमुखाच्या पारड्यात पडतो.

अभ्यासक्रमाची बांधणी

वृंदसंचालनाचा अभ्यासक्रम सामान्यतः चार आधारांवर उभा असतो. पहिला, कानाची तयारी. स्वरलेखन पाहून ते मनात ऐकू येणे आणि प्रत्यक्ष गायनातील चूक तत्काळ पकडणे. दुसरा, रचनेचा अभ्यास. तालमीस येण्यापूर्वी विद्यार्थ्याने चारही गटांच्या ओळी स्वतः गाऊन पाहाव्यात आणि पियानोवर वाजवाव्यात, अशी अपेक्षा असते. तिसरा, भाषा. वृंदरचना लॅटिन, जर्मन, फ्रेंच, रशियन अशा अनेक भाषांत असतात आणि एका स्वराचा उच्चार चाळीस जणांनी चाळीस प्रकारे केला तर सूर लागूनही नाद गढूळ होतो. चौथा आधार हातांची भाषा. उजव्या हाताने ताल, डाव्या हाताने नादाची चढउतार आणि दोन्हींच्या आधी श्वास. संचालकाने घेतलेल्या श्वासाबरोबर गायक श्वास घेतात. तो उथळ असेल तर पहिला स्वरही उथळ निघतो.

या चारही गोष्टींची परीक्षा होते ती प्रत्यक्ष वृंदासमोर. त्यासाठी अनेक महाविद्यालयांत 'सराव-वृंद' असतो. विद्यार्थी आळीपाळीने पुढे उभे राहतात आणि उरलेले गातात. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी मिनिटे मोजकी असतात. म्हणूनच संचालनाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश थोड्यांनाच देता येतो. वर्गात एक विद्यार्थी वाढवला की बाकी सर्वांच्या वृंदासमोरील वेळेत कपात होते. फी आणि पटसंख्या यांच्या हिशेबात हे गणित बसवणे कोणत्याही व्यवस्थापनाला अवघड जाते आणि ते समजावून सांगण्याची जबाबदारीही प्रमुखावरच येते.

तेहतीस वर्षांची कारकीर्द

वेस्टमिन्स्टरमध्ये ही जबाबदारी दीर्घकाळ ज्यांनी ठसा उमटवून पेलली ते जोसेफ फ्लमरफेल्ट. १९३७ मध्ये इंडियाना राज्यात जन्मलेल्या फ्लमरफेल्ट यांनी एलेन ब्राउन, ज्युलियस हरफर्ड आणि पॅरिसच्या नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण घेतले होते. १९७१ ते २००४ अशी तेहतीस वर्षे त्यांनी वेस्टमिन्स्टरच्या वृंदांचे नेतृत्व केले. १९७७ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे 'स्पोलेटो फेस्टिव्हल यूएसए' सुरू झाल्यापासून तेथील वृंदगानाची धुराही त्यांच्याकडे होती आणि वेस्टमिन्स्टरचे विद्यार्थी त्या महोत्सवाचे निवासी वृंद झाले. म्हणजे वर्गात शिकलेली गोष्ट दरवर्षी व्यावसायिक रंगमंचावर पारखून घेण्याची सोय झाली.

१९७९ मध्ये फ्लमरफेल्ट यांनी 'न्यू यॉर्क कोरल आर्टिस्ट्स' हा व्यावसायिक वृंद स्थापन केला. न्यू यॉर्क फिलहार्मोनिकच्या अनेक मोठ्या कार्यक्रमांत हा वृंद गायला. मराठी वाचकाच्या ओळखीचा धागा येथे सापडतो. मुंबईत वाढलेले झुबिन मेहता १९७८ ते १९९१ या काळात फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. १९९१ मध्ये पदावरून निरोप घेताना त्यांनी निवडलेल्या शोनबर्गच्या 'गुरेलीडर' या अजस्र रचनेत हाच वृंद होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मृतांच्या स्मरणार्थ जॉन अ‍ॅडम्स यांनी लिहिलेली 'ऑन द ट्रान्समायग्रेशन ऑफ सोल्स' ही रचना सप्टेंबर २००२ मध्ये प्रथम सादर झाली, तेव्हाही गायनाची बाजू याच वृंदाने सांभाळली.

येथे वृंद-प्रमुखाच्या कामाचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. अशा कार्यक्रमात रंगमंचावर संचालक म्हणून दुसराच कोणी उभा असतो. वृंद-प्रमुख आठवडेच्या आठवडे गायकांना तयार करतो आणि ऐन वेळी तयार वृंद दुसऱ्याच्या हाती सोपवून बाजूला होतो. पाहुण्या संचालकाने लय बदलली, एखादा भाग अगदी हळू मागितला, तरी गायकांना तो देता यावा, इतकी लवचीक तयारी त्याने करून ठेवायची असते. आपला ठसा पुसून दुसऱ्याच्या कामी येण्याची ही वृत्ती विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकवता येत नाही. ती त्यांना प्रमुखाच्या वागण्यात दिसावी लागते.

विद्यार्थी ओळखावा कशावरून?

फ्लमरफेल्ट यांच्या विद्यार्थ्यांकडे पाहिले तर त्यांच्यात एकसाची नक्कल आढळत नाही. डोनल्ड नॅली यांनी २००५ मध्ये फिलाडेल्फियात 'द क्रॉसिंग' हा प्रामुख्याने नव्या रचना गाणारा वृंद काढला आणि २०१८ व २०१९ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवले. आपल्या गुरूशी झालेल्या संवादांचे पुस्तकही त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. कॅनडाचे यानिक नेझे-सेगां हे विद्यार्थिदशेत वेस्टमिन्स्टरमध्ये फ्लमरफेल्ट यांच्याकडे वृंदसंचालन शिकले. २०१२ मध्ये ते फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे आणि २०१८ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे संगीत दिग्दर्शक झाले. एक नव्या वृंदगानाकडे वळला, तर दुसरा ऑपेरा व सिंफनीकडे. घराणे टिकते ते सारख्या हातवाऱ्यांनी नव्हे, सारख्या ऐकण्याने, हे यावरून दिसते.

वास्तू, वृंद आणि व्यवस्थापन

१९९०च्या दशकारंभी आर्थिक ओढाताणीत सापडलेले वेस्टमिन्स्टर जवळच्या राइडर महाविद्यालयात विलीन झाले. राइडर पुढे विद्यापीठ झाले. प्रिन्स्टनचे आवार मात्र संगीताकडेच राहिले. २०१७ मध्ये राइडरने ही संस्था विकण्याचा निर्णय जाहीर केला. २०१८ मध्ये चीनच्या कायवेन एज्युकेशन या कंपनीशी सुमारे ४ कोटी डॉलरचा करार झाला. माजी विद्यार्थी व अध्यापकांनी त्याला जोरदार विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि जुलै २०१९ मध्ये हा व्यवहार रद्द झाला. त्याच वर्षी १ मार्च रोजी फ्लमरफेल्ट यांचे वयाच्या ८२ व्या वर्षी निधन झाले होते. २०२० मध्ये राइडरने संस्था काही मैलांवरील लॉरेन्सव्हिलच्या आपल्या मुख्य आवारात हलवली. २००६ पासून वृंदांचे प्रमुख असलेले जो मिलर त्याच वर्षी सिनसिनाटीच्या संगीत महाविद्यालयात गेले.

विद्यापीठाची बाजू समजण्यासारखी आहे. तूट भरून काढण्यासाठी दोन आवारे एक करणे हा हिशेबाचा सरळ मार्ग होता. विरोधकांचे म्हणणेही केवळ भावनिक नव्हते. जेथे काही शे विद्यार्थी एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि रोज एकत्र गातात, तेथे सराव-वृंद वेगळा जमवावा लागत नाही. मोठ्या विद्यापीठातील अनेक विभागांपैकी एक झाल्यावर हीच गोष्ट वेळापत्रकात जागा शोधून बसवावी लागते. शिवाय संस्थेच्या भवितव्याबद्दल साशंकता पसरली की पहिला परिणाम होतो तो प्रवेशावर. व्हायोलिनच्या वर्गात विद्यार्थी घटले तरी उरलेल्यांच्या हाती व्हायोलिन पूर्ण असते. वृंदात टेनर कमी झाले तर उरलेल्या सर्वांचेच वाद्य अपुरे होते.

म्हणून वृंदसंचालन विभागाच्या प्रमुखाचे मोजमाप केवळ मैफलींच्या यादीवरून होऊ शकत नाही. दरवर्षी किती गायक आले, चारही गटांत समतोल राहिला का, प्रत्येक शिकाऊ संचालकाला वृंदासमोर पुरेशी मिनिटे मिळाली का, गळे शाबूत राहिले का, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे ठरतात. विल्यमसन यांना १९२६ मध्ये विद्यालय काढताना आधी वृंद हाताशी होता, हा त्यांच्या यशाचा पाया होता. नव्याने असा विभाग सुरू करू पाहणाऱ्या कोणत्याही संगीत महाविद्यालयाने प्राध्यापक नेमण्यापूर्वी, अभ्यासक्रम छापण्यापूर्वी, रोज गाणारा वृंद आपल्याकडे आहे की नाही, हे आधी पाहावे.