फणसाचा चीक आणि कषाय



वैशाखात फणस घरात आला की सगळ्यात आधी तेलाची वाटी बाहेर येते. विळीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी खोबरेल, हातांना कोपरापर्यंत खोबरेल, मगच फणसाला हात लावायचा. देठ कापल्यावर निथळणारा पांढरा चीक जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्यायचा. एवढं करूनही पात्यावर चीक बसलाच, तर पाणी घालायचं नाही. कोरड्या कागदाने पुसायचं, तेल चोळून थोडा वेळ ठेवायचं, परत पुसायचं. शेवटी बेसन लावून तेल काढायचं आणि गरम पाण्याने धुवायचं. हातांनाही तेच.

पाणी का चालत नाही? चिकात रबराचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. हवा लागली की ते एकमेकांना धरून बसतात. तो थर पाण्यात विरघळत नाही, तेलाने मात्र सैल पडतो. ला कोंदामीन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३६ मध्ये दक्षिण अमेरिकेतून पॅरिसला रबराचे नमुने पाठवले, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही हेच कोडं पडलं : वाळलेला चीक परत पातळ करायचा कशात? पुढे १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉशने दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅप्थात रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये लावलं आणि पाणी न शिरणारं रेनकोटाचं कापड तयार केलं. आपल्या आजी-पणजीची तेलाची वाटी याच जातीची युक्ती आहे.

पण चिकाचा आपल्या जवळचा इतिहास याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो शास्त्रात आहे.

तत्त्वार्थसूत्रावर आचार्य पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी ही टीका आहे. पूज्यपाद कर्नाटकातले, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातले. 'कषाय' हा शब्द समजावताना ते वडासारख्या झाडाचा चीक पुढे ठेवतात. चीक जसा एका वस्तूला दुसरी चिकटवतो, तसे क्रोध, मान, माया, लोभ आत्म्याला कर्म चिकटवतात, म्हणून त्यांना कषाय म्हणायचं. वड हा पंच उदुंबरांतला, त्याचं फळ आपल्याला वर्ज्य; पण त्याच्या चिकाने आपल्याला बंध समजावला. वडा-पिंपळाचा चीक तेलात आटवून पाखरं धरायचा गोंद करत असत, फणसाच्या चिकाचाही तसा वापर होई. फांदीवर टेकलेलं पाखरू जितकं फडफडेल तितके त्याचे पंख अडकत जात. बंध म्हणजे काय, हे त्याहून वेगळं काय सांगायचं!

दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसार लिहिलं. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारे चामुंडराय त्यांचे शिष्य. त्या ग्रंथात लोभाला चार डागांच्या उपमा आहेत : किरमिजी रंग, गाडीच्या चाकाचं वंगण, अंगाचा मळ आणि हळद. कपडे धुणाऱ्या बाईला हा क्रम कुणी शिकवायला नको. हळद उन्हात उडते, मळ साबणाने जातो, वंगण घासून घासून निघतं आणि किरमिजी कपड्याबरोबरच संपतो. त्याच ग्रंथात कषायाचा संस्कार किती काळ टिकतो तेही दिलं आहे. संज्वलनाचा अंतर्मुहूर्त, प्रत्याख्यानावरणाचा पंधरवडा, अप्रत्याख्यानावरणाचा सहा महिने, आणि त्याच्याही पुढे गेला तर तो अनंतानुबंधी, भवाभवांचा.

हे सहा महिने मला यंदा टोचले. दिवाळीत माझं आणि थोरल्या जाऊबाईंचं सासूबाईंच्या दागिन्यांवरून बोलणं तुटलं होतं. चूक कुणाची, हे मी मनात रोज नव्याने ठरवत होते. वैशाखात फणस कापताना बोटं मोजली. कार्तिक ते वैशाख, सहा महिने भरतच आले होते.

तेल चोळताना आणखी एक गोष्ट आठवली. समयसारात आचार्य कुंदकुंदांनी अंगाला तेल लावून धुळीत व्यायाम करणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. धूळ चिकटते ती व्यायामामुळे नाही, अंगावरच्या तेलामुळे. तेल म्हणजे राग, आसक्ती. म्हणजे चीक काढणारं तेलही हातावर तसंच ठेवून चालत नाही, तेही धुवावं लागतं. मी फोन केला असता, पण मनात 'बघा, मीच मोठेपणा घेतला' एवढं तेल उरलंच असतं. तो मान.

म्हणून फोन न करता अर्धा फणस घेऊन स्वतःच गेले. जाऊबाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. क्षमा करा." त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आल्या आणि विळीच्या पात्याला तेल लावायला बसल्या. मग म्हणाल्या, "तू गरे काढ, आठळ्या मी सोलते."

दागिन्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण चीक ओला असतानाच पुसायचा असतो, वाळल्यावर पातं खरवडावं लागतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. क्षमावाणीला अजून चार महिने आहेत. तुमच्याकडेही कुठे असा चीक वाळत पडला असेल, तर तेवढं थांबू नका.