सिस्टर जेनव्हिएव्हचं खोटं

ग्रिफिथचा 'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म' हा मूकपट मी बेळगावच्या घरी लावला होता. आज्जी शेजारी जपमाळ घेऊन बसलेली. खिडकीतून हेन्रिएट वाकते, खाली रस्त्यात तिची हरवलेली आंधळी बहीण लुईस गाणं म्हणत भीक मागतेय, आणि नेमक्या त्याच वेळी शिपाई हेन्रिएटला धरायला येतात. आज्जीची माळ थांबली. "भेटू द्या की हो त्यांना!" ती पडद्यालाच म्हणाली.

या प्रसंगावर लोक १८७४ पासून रडत आलेत. अदोल्फ देनेरी आणि युजीन कोर्माँ यांचं 'दोन अनाथ मुली' हे मूळ नाटक २० जानेवारी १८७४ ला पॅरिसच्या पोर्त सँ-मार्तँ नाट्यगृहात आलं. हे नाट्यगृह १८७१ च्या कम्यूनमध्ये जळालं होतं आणि नुकतंच पुन्हा उभं राहिलं होतं. देनेरी मोठा हिकमती माणूस. त्याच वर्षी त्यानं ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाचंही नाटक करून टाकलं! लंडन-न्यूयॉर्कला रूपांतरं व्हायला वर्षही लागलं नाही. पुढं चित्रपट तर कितीतरी निघाले. ग्रिफिथनं १९२१ मध्ये क्रांतीपूर्वीची ही गोष्ट उचलून थेट राज्यक्रांतीत नेली, दाँतोंला घोडदौड करायला लावली. मला ते जरा जास्तच वाटतं. दोन बहिणींची ताटातूट पुरेशी होती, गिलोटीन कशाला?

मूळ नाटकात मला खरी अडवते ती सिस्टर जेनव्हिएव्ह. साल्पेत्रिएरच्या कैदी बायकांवर देखरेख करणारी ही जोगीण आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही, हे सगळ्यांना ठाऊक. निरपराध हेन्रिएटला हद्दपार करायचं ठरतं, तेव्हा मारियान नावाची चोरटी बाई तिच्या जागी जायला पुढं होते. अधिकारी सिस्टरला विचारतात, हीच का ती? आणि सिस्टर हो म्हणते.

आमच्याकडं 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सत्याणुव्रताचा अर्थ सांगताना म्हटलंय, की ज्यानं दुसऱ्यावर संकट येईल असं खरंही श्रावकानं बोलू नये. लहानपणी हे ऐकून मी वडिलांना विचारलं होतं, "मग खोटं बोललं तर चालतं?" वडील म्हणाले, "गप जेव."

मग मी केट क्लॅक्स्टनबद्दल वाचलं. न्यूयॉर्कच्या प्रयोगात आंधळ्या लुईसचं काम करून ती गाजली. ५ डिसेंबर १८७६ ला ब्रुकलिन थिएटरात हेच नाटक चालू होतं. शेवटचा अंक. लुईस गवतावर पडलेली. वर गॅसच्या दिव्यांना एक रंगवलेला पडदा लागला आणि पेटला. नटांनी काम चालूच ठेवलं, आणि लोक उठायला लागल्यावर त्यांना बसायला सांगितलं. क्लॅक्स्टनही बोलली. ही आग नाटकातलीच आहे, असं तिनं सांगितल्याची नोंद आहे. तिचं ऐकून काही लोक परत बसलेसुद्धा.

हेतू काय वाईट होता? चेंगराचेंगरी होऊ नये, एवढाच. पण सगळ्यात वरच्या, स्वस्त गॅलरीतल्या लोकांना उतरायला एकच जिना होता. कमीत कमी २७८ माणसं गेली. त्यात बरोबरचे दोन नट होते, मर्डॉक आणि बरोज. १०३ जणांची ओळखच पटली नाही, त्यांना ग्रीनवुड स्मशानभूमीत एकत्र पुरलं. क्लॅक्स्टन वाचली ती तिकीटघराकडं जाणाऱ्या एका खाजगी वाटेनं. काही महिन्यांनी सेंट लुईसमध्ये ती उतरलेल्या हॉटेललाही आग लागली, त्यातूनही ती सुटली. मग लोक तिला अपशकुनी म्हणायला लागले. बाईच्या पायगुणाला दोष देणं काय आपल्याच गावचं नाही.

१८८५ मध्ये तिनं कबूल केलं, की चांगल्यासाठीच प्रयोग चालू ठेवला, पण ते बरोबर नव्हतं. पडदा पाडूनच ठेवायला हवा होता, नाहीतर काहीतरी कारणानं प्रयोग थांबवावा लागतोय असं लोकांना शांतपणे सांगून बाहेर जायला सांगायला हवं होतं.

आज्जीला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईला परत नाटकात काम करवलं का गं?"

करवलं. पुढं कितीतरी वर्षं ती लुईसच होती. नाटकाचे हक्कही तिच्याकडं होते, ग्रिफिथला चित्रपट करायचा झाला तेव्हा ते तिच्याकडूनच घ्यावे लागले.