जठराच्या कर्करोगातील पेरिटोनियल वॉश सायटॉलॉजी

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना किंवा तिच्याआधी, पोटाच्या पोकळीत सुट्या पडलेल्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्कपेशी शोधण्याची तपासणी. डॉक्टर तिला नुसते ‘वॉश’ म्हणतात.

कर्करोग जठराच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. भिंत पोखरत तो बाहेरच्या थरापर्यंत पोचला, की पेशी पोकळीत गळून पेरिटोनियमवर, म्हणजे पोकळीच्या अस्तरावर, रुजतात. त्यांच्या गाठी होईपर्यंत सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही. म्हणून पोट उघडताच किंवा दुर्बीण आत जाताच, मूळ गाठीला धक्का लागण्याआधी, सुमारे १०० ते २०० मिलि. सलाइन आत सोडतात आणि डायाफ्रामखालून व ओटीपोटाच्या तळातून ते परत ओढून घेतात. सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसलेला साका रंगवून पॅथॉलॉजिस्ट पाहतो. खरी कसोटी इथेच लागते, कारण पेरिटोनियमच्या स्वतःच्या पेशीही चिडल्या की कर्कपेशींसारख्या दिसतात. अशा वेळी बेर-ईपी४सारख्या प्रतिपिंडांची मदत घेतात. सीईए जनुकाचा माग घेणारी पीसीआर अधिक बारकाईने पाहते, पण खोटा इशाराही देते.

कर्कपेशी सापडल्यास जपानी वर्गीकरणात ‘सीवाय१’ अशी नोंद होते. पोटात एकही गाठ दिसत नसली, तरी रोग चौथ्या टप्प्यातला धरला जातो आणि सहसा आधी केमोथेरपी दिली जाते. ‘सीवाय०’, म्हणजे कर्कपेशी न सापडणे, हा मात्र निर्धास्त करणारा निकाल नव्हे. असे रुग्णही पुढे पेरिटोनियमच्या रोगाने परततात. भरपूर सलाइनने पोट धुतले तर पेशी निघून जातील, ही आशा आशियातील अनेक देशांत झालेल्या ‘एक्सपेल’ चाचणीने २०२१ मध्ये फोल ठरवली. थोडक्यात, या धुण्याचा उपयोग निदानापुरता.

  

पोट उघडल्यावर वॉश घेतला आणि अहवाल काही दिवसांनी आला, तर जठर तोवर काढून झालेले असते. त्यामुळे रोग भिंतीत खोल गेल्याची शंका असेल, तर दुर्बिणीतून वॉश आधी होणार का, हे रुग्णाच्या नातेवाइकांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच सर्जनला विचारावे.