अंगणात आलेली शाळा

माँटेसरीची लाकडी साधनं महाग, आणि बोर्डीच्या हरिजनवाड्यात ती परवडणार कोणाला? ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम करून आलेल्या. शहरातली पद्धत त्यांना पाठ होती. पण 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा मुलं बालवाडीत फिरकेनात. मग बालवाडीच वाड्यातल्या अंगणात नेली. आधी नाकं पुसायची, केस विंचरायचे, मग गाणी, खेळ. शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं. मला तर ती मूळ साधनांहून सरस वाटतात. लाकडी ठोकळे सगळे गुळगुळीत. शिंपला मात्र प्रत्येक वेगळा, हातात घेतला की पोर विचारणारच, ‘बाई, यात कोण राहायचं?’

1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ बोर्डीपासूनच सोबत होत्या. इथली वारली मुलं गुरांमागे रानात. म्हणून शाळा कुरणात भरू लागली. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. शिस्तीच्या साहेबांना हे कसं दिसलं असेल, देव जाणे!

मी बालवाडी चालवत होते तेव्हा हे सगळं उचललं, आणि वारल्यांची भिंतीवरची चित्रंही. भिंतीचा खालचा पट्टा गेरूनं सारवायचा, तांदळाचं पीठ कालवून ठेवायचं. वारल्यांच्या घरी भिंतीवर लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. आमच्याकडे चार वर्षांची पोरं खेकडे काढायची, आणि पायांच्या संख्येवरून भांडण झालं की सगळी वरात ओढ्यावर खेकडा शोधायला.