काड, कचरा आणि गॅस: एका डॅनिश वीजकेंद्राची गोष्ट

आज डेन्मार्कला जाऊया. आपल्याकडे ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात ना, तसंच तिथले शेतकरी गव्हाचं काड शेतातच जाळायचे.

मग 1973 साली तेलाचं संकट आलं. डेन्मार्कची 90 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. एवढ्या थंडीत घरं गरम कशी ठेवायची? देशानं घरचंच जळण शोधलं. कचऱ्याचा अनुभव जुना होता. फ्रेडरिक्सबर्गमध्ये 1903 पासून तो जाळून दवाखान्याला उष्णता पुरवत होते. काड रानात पडलेलं होतं. 1984 पासून उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायूही मिळू लागला.

हे तिन्ही एका छताखाली आले ते 1993 मध्ये, होल्स्टेब्रोजवळच्या मोबियर्ग केंद्रात. मला यातली खरी गंमत वाटते ती रचनेत. सगळं एकाच भट्टीत कोंबलेलं नाही. दोन बॉयलर कचऱ्याचे, तिसरा काड आणि लाकडाच्या चिपांचा. काडाचे अख्खे गठ्ठे आत ढकलायचे, ते पुढच्या टोकाकडून सिगारसारखे जळत जातात.

अडचण एकच होती. काडात आणि कचऱ्यात क्लोरीन असतं, काडात पोटॅशियमही भरपूर. वाफ फार तापवली की त्या धुरामुळे बॉयलरच्या नळ्या झिजून जातात. म्हणून वाफ 410 अंशांवर थांबवायची. पण वाफ जितकी गरम, तितकी वीज जास्त! मग त्यांनी काय केलं? वाफ वेगळ्या सुपरहीटरमध्ये नेली आणि तिथे गॅसच्या ज्योतीवर 520 अंशांपर्यंत तापवली. त्या धुरात क्लोरीन नाही, त्यामुळे नळ्या सुरक्षित. यातून साधारण 28 मेगावॅट वीज, आणि होल्स्टेब्रो व स्त्रुअर या गावांतली घरं गरम.

याची किंमतही आहे बरं का. गॅस जीवाश्म इंधनच, आणि कचऱ्यातलं प्लास्टिकही मुळात तेलच. म्हणजे अशा केंद्राला पूर्ण 'हरित' म्हणता येत नाही.

आपले साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात, शहरं कचऱ्यापासून वीज करायचं म्हणतायत. तुमच्या शहरात असा प्रकल्प जाहीर झाला, तर दोन प्रश्न नक्की विचारा: कचरा किती ओला आहे? आणि वाफ किती अंशांवर जाणार, ती कशाच्या जोरावर? उत्तर मिळालं तर मला कमेंटमध्ये कळवा. भेटूया पुढच्या भागात!