कोटी आणि पूरक : एका गणिती संज्ञेचा इतिहास

मुंबई-आग्रा मार्गावरील चांदवड आणि इंदूर ही दोन्ही स्थळे एके काळी होळकरांच्या अमलाखाली होती. भूमितीतील एका शब्दाविषयी मात्र त्यांचे एकमत नाही. ‘एक कोन त्याच्या पूरक कोनाच्या दुप्पट आहे, तर त्याचे माप किती?’ या उदाहरणाचे उत्तर चांदवडच्या मराठी शाळेत 120 अंश येते, तर इंदूरच्या हिंदी शाळेत 60. रीत एकच आहे. मराठी विद्यार्थी क्ष = 2(180 − क्ष) असे समीकरण मांडतो, हिंदी विद्यार्थी 180 च्या जागी 90 घेतो, आणि दोघांचेही बरोबर असते. मराठीतील कोटिकोन तो हिंदीतील पूरक. मराठीतील पूरक तो हिंदीतील संपूरक.

कोटी म्हणजे मुळात धनुष्याचे टोक. ज्योतिषगणितात वर्तुळपादाच्या घेतलेल्या अंशांस भुज व नव्वदास उणे पडणाऱ्या अंशांस कोटी म्हणत. त्या उरलेल्या अंशांची ज्या ती कोटिज्या. शके 1072 मध्ये (इ. स. 1150) सिद्धान्तशिरोमणी रचणाऱ्या भास्कराचार्यांची परिभाषा हीच होय. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव (हे योगी चांगदेव नव्हेत) यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावनजीक पाटण येथे मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. चांदवडहून हे स्थळ फार दूर नाही.

लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘पुरे करणारा’ असा आहे. 1620 मध्ये एडमंड गंटर याने ‘पूरकाची ज्या’ या अर्थाच्या शब्दांचा संक्षेप करून कोटिज्येचे युरोपीय नाव रूढ केले. हिंदीने या अर्थाचा अनुवाद स्वीकारला, म्हणून दोन काटकोनांसाठी तिला ‘सम्’ हा उपसर्ग जोडावा लागला. मराठीने, व गुजरातीनेही, कोटी कायम ठेवल्यामुळे ‘पूरक’ मोकळा राहिला, असे दिसते. परंपरेच्या दृष्टीने मराठीची निवड अधिक साधार आहे. मात्र आजच्या विद्यार्थ्यास कोटी म्हटले की शंभर लक्षच आठवतात. युक्लिडने तर असे नावच वापरले नाही. ‘दोन काटकोनांइतके’ एवढ्यावर त्याने भागविले.

1961 मध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला, तेव्हा संस्कृतोद्भव संज्ञा सर्व भाषांना समान होतील अशी अपेक्षा होती. येथे शब्द समान आहे, अर्थ निराळा. भाषांतरकाराला उत्तर दुप्पट करूनही सुटता येत नाही : कोन पूरकाहून 20 अंशांनी मोठा असेल, तर मराठीत तो 100 अंशांचा, हिंदीत 55 अंशांचा.