‘सामान मिळतं का?’ : छोट्या गाडीच्या स्पेअर पार्ट्सची मुंबईतली गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये रेंज जाते किंवा हेडफोन घरी राहतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात करतो आमच्या खारदांड्यातून. कोळीवाड्याच्या तोंडाशी, जिथे गल्ली एवढी अरुंद होते की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं, तिथे गेले तीन आठवडे एक छोटी गाडी उभी आहे. शेजारच्या दादाची. ॲपवर भाड्याने चालवतो. एक पार्ट गेलाय, हातात मावेल एवढा. गाडी बनवणारी कंपनी भारतातून निघून गेलीय. मेकॅनिक रोज एकच वाक्य म्हणतो, "दादा, काम अर्ध्या तासाचं आहे. सामान आण, लगेच बसवतो."

मुंबईच्या गॅरेजमध्ये स्पेअर पार्ट कुणी म्हणत नाही, ‘सामान’ म्हणतात. आणि सामान मिळेपर्यंत हप्ता काही थांबत नाही.

हे बघून माझे आजोबा म्हणाले, "आमची फियाट कधी दोन दिवसांच्या वर उभी नाही राहिली." आजोबा टॅक्सी चालवायचे. मला वाटलं, जुनी माणसं, जुनं ते सोनं म्हणणारच. पण मग शोधायला लागलो, आणि लक्षात आलं की आजोबा बरोबर आहेत. फक्त त्याचं कारण ‘जुन्या गाड्या मजबूत होत्या’ हे नाही. कारण वेगळंच आहे.

कुर्ल्याचा कारखाना

वालचंद हिराचंद हे नाव ऐकलंय ना? सोलापूरचे. जहाजं, विमानं, साखर, सगळ्यात हात घातलेला माणूस. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि कुर्ल्यात कारखाना उभा केला. आधी अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीच्या गाड्या तिथे जोडल्या जायच्या. १९५० नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. तिलाच मुंबईकर लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे.

आता ‘जोडल्या जायच्या’ हा शब्द महत्त्वाचा. परदेशातून खोक्यात सुटे भाग यायचे आणि इथे नट-बोल्ट आवळून गाडी तयार व्हायची. म्हणजे पार्ट मोडला की पुन्हा बोटीची वाट बघा.

१९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवायचे. ज्यांना जमत नसेल त्यांनी दुकान बंद करावं. जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ पासून कारखाना होता. ती कंपनी गेली, फोर्डही गेली. प्रीमियर राहिली. पुढे सरकारने गाड्यांचे बरेच सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवले, आणि एक-दोन लेथ मशीनवर चालणाऱ्या छोट्या वर्कशॉपलाही काम मिळायला लागलं.

याच्या वाईट बाजू खूप होत्या, ते लपवत नाही. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. स्पर्धा नाही म्हणून मॉडेल बदलायचं नाही. इटलीत फियाटने ११०० ची मालिका १९६९ मध्ये बंद केली. कुर्ल्यात मात्र तीच गाडी, १०८९ सीसीचं तेच इंजिन, स्टिअरिंगजवळचा तोच गिअरचा दांडा घेऊन आणखी तीस वर्षं बनत राहिली. फियाटशी करार संपल्यावर ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’.

पण गंमत बघा. गाडी बदलली नाही, म्हणून सामानही बदललं नाही.

चर्नी रोडला उतरा

नव्वदच्या दशकात मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी साठ हजारांच्या आसपास होत्या आणि त्यातल्या बहुतेक पद्मिनीच. एका शहरात एकाच मॉडेलच्या एवढ्या गाड्या, त्याही रोज बारा-पंधरा तास पळणाऱ्या. दुकानदाराच्या बाजूने विचार करा. क्लच प्लेट आणून ठेवली तर विकली जाणारच, आज नाही तर उद्या. म्हणून तो माल ठेवायचा. दहा दुकानं ठेवायची, म्हणून भाव आटोक्यात राहायचा.

आजोबांचा रस्ता ठरलेला होता. नवं सामान हवं तर खारहून स्लो लोकल पकडायची, चर्नी रोडला उतरायचं आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत विचारायचं. तिथे पहिला प्रश्न यायचा, "कंपनीचं देऊ की लोकल?" खिशात कमी असेल तर कलिना-कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे भंगारात निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, गिअरबॉक्स, बंपर सगळं मिळायचं. आणि काहीच मिळालं नाही तर लेथवाला. घासलेला पार्ट त्याच्यापुढे ठेवायचा, तो माप घेऊन तसाच नवा करून द्यायचा. इंजिन थकलं तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, की चाललं पुढे.

खारदांड्यात अजून एक दुखणं, समुद्राचा खारा वारा. गाडीचा पत्रा खालून खाऊन टाकतो. त्यालाही इलाज गल्लीतच. कुजलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, वर पुट्टी आणि रंग.

म्हणजे गाडी मजबूत होती असं नाही. ती सारखी बिघडायची! पण ती दुरुस्त करणारं अख्खं शहर तिच्याभोवती उभं होतं.

तीच कंपनी, उलटा अनुभव

हा मुद्दा पटत नसेल तर त्याच प्रीमियरची दुसरी गाडी बघा. नव्वदच्या दशकात तिने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ काढली. पद्मिनीपेक्षा कितीतरी आधुनिक. पण काही वर्षांतच भागीदारी मोडली, प्यूजो निघून गेली. रस्त्यावर गाड्या थोड्या, त्यामुळे सामान ठेवण्यात कुणाला रस नव्हता. चांगली गाडी असून मालक अडकले.

याउलट मारुती ८००. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली, किंमत ४७,५०० रुपये. पुढच्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त बनल्या. वर तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नी व्हॅनमध्येही होतं. एक पार्ट, दोन गाड्यांना गिऱ्हाईक. जानेवारी २०१४ मध्ये ८०० बनणं थांबलं, पण गल्लीतला मेकॅनिक तिला घाबरला नाही.

सामान आहे, पण कुलपात

यानंतर गोष्ट बदलते. गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आलं. बिघाड शोधायलाच कंपनीचं मशीन लागायला लागलं. दहा रुपयांची वस्तू मोडली तरी अख्खी असेंब्ली घ्यावी लागायला लागली.

२०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली की कंपन्या अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊच देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय राहत नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सामान व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळाली पाहिजे असं सांगितलं. कंपन्या कोर्टात गेल्या, वाद लांबला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आणलं, त्यातही गाड्यांचा समावेश आहे. आणि सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

कर कमी झाला, चांगलंच आहे. पण जो पार्ट बाजारातच नाही, त्यावर टक्का कमी होऊन काय उपयोग? जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपन्या सामान देत राहण्याचं आश्वासन देतात, पण दुकानदार विचार करतो की या गाडीचं गिऱ्हाईक दरवर्षी कमीच होणार, मग माल भरू कशाला?

पद्मिनीचंही शेवटी हेच झालं. टॅक्सीला आधी २५ वर्षांची, मग २० वर्षांची वयोमर्यादा आली. गाड्या घटल्या, तशी दुकानांनी सामान ठेवणं सोडलं. सामान महागलं, म्हणून आणखी गाड्या निघाल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही.

तर मंडळी, शोरूममधली किंमत म्हणजे गाडी दारात आणण्याची किंमत. ती दारात टिकवण्याची किंमत तिच्यासारख्या आणखी किती गाड्या रस्त्यावर आहेत आणि सामान खुल्या बाजारात मिळतं का, यावर ठरते. तुम्ही सेकंडहँड छोटी गाडी बघत असाल तर मायलेज विचारण्याआधी आपल्या गल्लीतल्या मेकॅनिककडे जा. क्लच प्लेट, हेडलाइट, रेडिएटर, शॉकअप आणि साइड मिरर, या पाच वस्तूंचा भाव विचारा. तो लगेच फोन लावून भाव सांगत असेल तर ठीक. डोकं खाजवायला लागला तर विचार करा.

शेजारच्या दादाला परवा सीएसटी रोडवर एका भंगारातल्या गाडीतून तो पार्ट मिळाला. नव्याच्या निम्म्या पैशात, पण गॅरंटी नाही. काल रात्री गाडी सुरू झाली. आजोबा खिडकीत उभे राहून आवाज ऐकत होते. म्हणाले, "चालेल. पण असाच एक पार्ट अजून घेऊन ठेव म्हणावं."

तुमच्या घरातल्या पहिल्या गाडीचं सामान कुठून यायचं? घरच्यांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटू!